शेवटच्या प्रकरणाची खूण

बाई,

उद्या तुमचं पुण्यानुमोदन. विहारात सतरंज्या आजच टाकून झाल्यात. तुमची भाची सुनंदा परवा घरी आली आणि म्हणाली, "मामा, आत्याबद्दल दोन शब्द तुम्ही बोलायचे." मी म्हणालो, "मला उभं राहून बोलायची सवय नाय पोरी. मी उभा राहिलो की लोकांना वाटतं, आता घंटा होणार." ती हसली आणि हसता हसता रडली. म्हणून लिहून देतोय. वाचणार ती. शुद्धलेखन तिनं बघावं, मजकुराला हात लावू नये, असं कबूल करून घेतलंय.

तुम्ही कुठं जन्मलात, किती शिकलात, नोकरीला कधी लागलात, हे सगळं दुसरे सांगतील. त्यांच्याजवळ कागद आहेत. माझ्याजवळ एक कबुली आहे. ती आधी तुम्हाला दिल्याशिवाय चारचौघांत द्यायला जीभ उचलत नाही.

आपली ओळख भांडणानं झाली. तुम्ही शाळेत नव्या, मी तिथला जुना शिपाई. चिंचेच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला, हातात हातोडी, आणि सबंध शाळा माझ्या हातावर चालायची. नववीतली एक आगाऊ मुलगी धावत आली. "मामा, मामा, नव्या बाई म्हणतात तुमची घंटा उशिरा येते!"

मी हातोडी घेऊन तसाच तुमच्या वर्गावर आलो.

"कोण म्हणतं माझी घंटा लेट?"

"मी म्हणते," तुम्ही म्हणालात. हातात खडू, चेहरा शांत.

"रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावतो मी. वीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडं झालं नाय."

"तुमचं घड्याळ बरोबर आहे हो मामा. चूक तुमची नाही, हवेची आहे."

पोरी फिदीफिदी हसल्या. माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "मी सांगते म्हणून मानू नका. चला माझ्याबरोबर." आणि हातोडी माझ्याकडून काढून त्या आगाऊ मुलीच्या हातात दिलीत. माझी हातोडी! मला मैदानाच्या पार पलीकडं, कुंपणाच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलंत. लांब चिंचेखाली मुलीचा हात वर गेला, खाली आला, लोखंडाला लागला. मला दिसलं. आणि मग, पापणी मिटून उघडावी एवढ्या अंतरानं, ठण्ण ऐकू आलं.

मी ओरडलो, "पुन्हा मार!" तिनं मारलं. "पुन्हा!" पुन्हा तसंच. आधी हात, मग आवाज.

तेवढ्यात शाळा सुटली असं समजून पाचवीपासूनचे वर्ग दप्तरं घेऊन बाहेर. मैदानभर पोरी. मोठ्या बाई चष्मा सावरत व्हरांड्यात आल्या. "अवेळी घंटा कुणी दिली?" तुम्ही पुढं व्हायच्या आत मी म्हणालो, "मी दिली. हात चुकला." वीस वर्षांत हात चुकल्याची कबुली मी तेवढी एकदाच दिली, आणि तीही खोटी.

त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं घंटेच्या जवळच उभा होतो. लांब उभ्या असणाऱ्याला ती कशी येते, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग मधल्या सुट्टीत चहाबरोबर रोजचं सुरू झालं. "मामा, आवाजाला वेळ लागतो तसा उजेडालाही लागतो. फार थोडा, पण लागतो. आपण बघतो तो सूर्यही मघाचा असतो." मी म्हणायचो, "मग आत्ताचा कुठंय?" तुम्ही म्हणायचात, "हाच तर प्रश्न आहे. आत्ता म्हणजे काय?" मला राग यायचा. ज्याचा सबंध जन्म 'आत्ता' वाजवण्यात गेला त्याला विचारता, आत्ता म्हणजे काय!

मी रिटायर झालो त्या सालीच शाळेत विजेची घंटा बसली. ती मंत्र्याच्या मोटारीसारखी कर्र वाजते. मी घरी बसून होतो. एका रविवारी तुम्ही आमच्या वस्तीत आलात, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन. यमुनेनं, आमच्या मंडळींनी, घाईनं चटई टाकली.

"मामा, मी पुस्तक लिहिते आहे. वेळ आणि वेग यांच्यावर. मराठीत, आणि ज्यांना शास्त्र शिकायला मिळालं नाही त्यांच्यासाठी. एकेक प्रकरण तुम्हाला वाचून दाखवायचं आहे."

मी म्हणालो, "बाई, मी दुसरीपर्यंत शिकलो. त्यातलं एक वर्ष दाराबाहेर बसून. माझी काय परीक्षा घेता?"

"परीक्षा तुम्ही माझी घ्यायची. माझ्या बरोबरीचे लोक नुसती मान डोलावतात. कळलं नाही म्हणायची त्यांना लाज वाटते. तुम्हाला कळलं म्हणायची लाज वाटते."

यमुना आतून म्हणाली, "बराबर ओळखलं बाईंनी."

तेव्हा आपला करार झाला. शाळेत असताना माझी एक वही असायची, चिंचेच्या खोडाला सुतळीनं बांधलेली. प्रत्येक तासाची घंटा झाली की लाल पेन्सिलनं एक गोल काढायचा आणि गोलात टिंब द्यायचं. गोल म्हणजे तास संपला, टिंब म्हणजे घंटा दिली. तीच खूण प्रकरण पटलं की मी तुमच्या वहीत करायची. पटलं नाही तर करायची नाही. तुम्ही एक अट घातलीत: "मला बरं वाटावं म्हणून खूण करायची नाही, मामा. तुमची खोटी खूण माझ्या कामाची नाही." मी म्हणालो, "खोटी खूण करायचा माझा हात नाय."

मग दर रविवारी दुपारी मी गंगापूर रोडला तुमच्या दोन खोल्यांच्या घरी यायचो. पायरीवर चपला, व्हरांड्यात दोन खुर्च्या, तुमचा बिनसाखरेचा चहा आणि माझा साखरेचा.

पहिल्याच रविवारी तुम्ही सांगितलंत की हे सगळं ज्यानं शोधलं तो तेव्हा प्रोफेसर नव्हता, एका कचेरीत कारकून होता. मी लगेच विचारलं, "मग त्या कचेरीतला शिपाई कोण होता?" तुम्ही वही मिटून हसत राहिलात. म्हणालात, "ते कुणी लिहून ठेवलं नाही हो." मी म्हणालो, "तुमच्या पुस्तकात लिहा. नाव नसलं तरी लिहा, की शिपाई होता." आणि तुम्ही खरंच लिहिलंत. पहिल्या प्रकरणात ते वाक्य आहे. त्याच्या शेजारी माझी पहिली खूण आहे.

उजेडाच्या प्रकरणाला मी तुम्हाला सबंध पावसाळा झुंजवलं. तुम्ही म्हणायचात, उजेड कुणीही मोजला तरी त्याचा वेग तेवढाच भरतो, तुम्ही उभे असा नाहीतर पळत असा. मी म्हणायचो, शक्यच नाही. पिंपळगावहून द्राक्षाच्या टेम्पोत मी शंभरदा बसून आलोय. धावत्या टेम्पोतून पुढच्या बाजूला दगड मारला तर टेम्पोचा वेग त्या दगडाला मिळतोच मिळतो.

"दगडाला मिळतो, मामा. टेम्पोच्या दिव्याच्या उजेडाला मिळत नाही."

"दाखवा."

"हे मला दाखवता येणार नाही."

"मग खूण पण मिळणार नाय."

तीन-चार रविवार असे गेले. मग एकदा तुम्ही उजेडाचा वेग मोजणाऱ्यांची गोष्ट सांगितलीत. फरक पडणारच अशी त्यांची खात्री होती, फरक शोधायलाच ते निघाले होते. यंत्र बांधलं, सगळी काळजी घेतली, पुन्हा पुन्हा मोजलं, आणि फरक सापडला नाही. त्यांनी तसंच जगाला सांगितलं. मी विचारलं, "त्यांना फरक हवा होता?" तुम्ही म्हणालात, "हवा होता." "तरी नाही सापडला म्हणाले?" "तरी म्हणाले." मी पेन्सिल मागितली. माणूस स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतो तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास बसतो. तुम्हाला हे एवढं आवडलं की तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंत म्हणे.

एकदा तो नियम मान्य केला की पुढं सगळं गळ्यात येतं, हे तुम्ही आधी सांगितलं नव्हतंत. पळणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, हे ऐकून यमुनेनं तुम्हाला काय सांगितलं आठवतं? त्या दिवशी तीही माझ्याबरोबर आली होती. "बाई, ह्यांना एकदा खूप जोरात पळवा. जरा तरणे होऊन येतील." आणि थोड्या वेळानं, "पर मला बी संगं पाठवा. नायतर हे तरणे आन् मी म्हातारी, मग मला कोण इचारतंय?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही जे बोललात ना, तेच शेवटचं प्रकरण आहे."

मला सगळ्यांत आवडलं ते त्या कणांचं प्रकरण. आभाळात फार उंचावर ते जन्मतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांचं आयुष्य इतकं चिमूटभर की जमिनीपर्यंत यायच्या आधी बहुतेक सगळे संपायला हवेत. तरी ढिगानं खाली पोचतात. आपण म्हणतो, ते इतक्या वेगात येतात की त्यांचं घड्याळ हळू पडलं, म्हणून टिकले. मी विचारलं, "आणि त्यांना स्वतःला काय वाटतं? आपण जास्त जगलो?" तुम्ही म्हणालात, "नाही. ते त्यांचं चिमूटभरच जगतात. त्यांना वाटतं, रस्ताच आखूड होता." मी म्हणालो, "मग दोघांतलं खरं काय?" "दोन्ही खरं, मामा. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे, की कण पोचला." आणि तुम्ही हाताचा तळवा वर करून माझ्यापुढं धरलात. "आत्ता एक ह्यातून गेला. आणि हा दुसरा." मी वाकून बघत बसलो, जसं काही दिसणारच होतं.

बुद्धपौर्णिमेला पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना तुम्ही आणखी पुढचं सांगितलंत. नुसता वेगच नाही, पृथ्वीची ओढसुद्धा घड्याळाला हळू करते. पायथ्याचं घड्याळ वरच्यापेक्षा किंचित मागं पडतं, इतकं किंचित की जन्मभरात कळू नये. मी लगेच पायरीवर बसलो. "तुम्ही व्हा पुढं. मी खालीच बसतो, तेवढंच जास्त जगेन." तुम्ही पण दम लागून शेजारी बसलात. तुम्हाला दम लागला होता, हे मी पाहिलं होतं बाई. मला वाटलं, पायऱ्या जास्त आहेत.

मग यमुना गेली. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही माझ्याकडं आलात, पण वही आणली नाहीत. तुम्ही उठून चहा केलात, आणि कप ठेवताना चुकून तीन ठेवलेत. तिसरा उचलला नाहीत. तो तसाच राहू दिलात, त्यासाठी मी तुमचे उपकार मानतो.

आता शेवटचं प्रकरण. माझं सगळं ओझं तिथंच आहे.

दोघी जुळ्या बहिणी. एक नाशकातच राहते, दुसरी प्रचंड वेगानं लांब ताऱ्यापर्यंत जाऊन परत येते. परत आलेली तरुण राहते, घरची म्हातारी होते. तुम्ही वाचून दाखवलंत आणि मी हात वर केला.

"थांबा. घरची म्हणते, तू पळालीस, तुझं घड्याळ हळू. प्रवासातली म्हणणार, मी तर माझ्या जागी बसून होते, पळालीस तू. तुमच्याच नियमानं दोघींचंही बरोबर. मग म्हातारी कोणाला करायचं? एकीवर अन्याय झाला ना!"

तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मीच काही शोधलंय. "मामा, हाच प्रश्न मोठमोठ्यांना पडला होता." मग तुम्ही ते प्रकरण पुन्हा लिहिलंत. एक बहीण वळली, दुसरी वळली नाही. वळणारीला धक्का बसतो, तिला कळतं आपण वळलो. म्हणून दोघी सारख्या नाहीत. मी म्हणालो, "वळली हे मान्य. पण वळल्यानं वय कसं कमी होतं? वळणावर वय गळून पडतं काय?" हे मी मनापासून विचारलं होतं. तेव्हा मला खरंच पटलं नव्हतं.

त्यानंतर घोटीला लग्न होतं. वऱ्हाडाचे दोन टेम्पो आमच्या वस्तीतून एकाच वेळी निघाले. एक हमरस्त्यानं सरळ गेला, त्यात मी. दुसरा पाव्हणे घ्यायला त्र्यंबकवरून वळसा घालून आला, त्यात माझा मेहुणा. मंडपात पंगतीला शेजारी शेजारी बसलो, तर मेहुणा कुरकुर करतोय.

"दाजी, आमच्या टेम्पोचा मीटर खोटा हाय. तुमच्यापरीस लय किलोमीटर दाखवतोय. निघालो एकाच जागेवरनं, पोचलो एकाच जागी. मग आकडा येगळा कसा?"

"अरे येड्या," मी म्हणालो, "मीटर काय गावं मोजतो का? मीटर रस्ता मोजतो. तू वळसा घालून आलास, तुझा रस्ता वेगळा. तुझाही खरा, आमचाही खरा."

आणि भाताचा घास हातात तसाच राहिला. मेहुणा म्हणाला, "दाजी, ठसका लागला का?" मला ठसका नव्हता लागला. मला माझंच उत्तर मिळालं होतं. घड्याळ म्हणजे पण मीटरच की! माझ्या मनगटावरचं घड्याळ जगाची वेळ मोजत नाही, माझी वाट मोजतं. दोघी बहिणी एका ठिकाणाहून निघाल्या, एका ठिकाणी भेटल्या, पण वाटा वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. त्यात कुणावर अन्याय नाही आणि कुठं काही गळून पडलं नाही. रस्त्यावर वळसा घालणाऱ्याचा आकडा जास्त भरतो, काळात मात्र त्याचा कमी भरतो. ते उलटं का, तर उजेडाच्या त्या नियमामुळं. आणि त्या नियमावर तर माझी खूण आधीच होती.

घोटीहून परत येईपर्यंत मी टेम्पोत एकटाच हसत होतो. कधी रविवार येतो आणि तुम्हाला सांगतो, असं झालं होतं.

रविवारी आलो. चपला काढल्या. तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही चहा पुढं करत म्हणालात, "मामा, हे एवढं एक प्रकरण पटलं की वही छापखान्यात. मग तुमची सुटका."

सुटका.

तुम्ही सहज म्हणालात. पण मी त्या व्हरांड्याकडं बघितलं, दोन खुर्च्यांकडं बघितलं. यमुना गेली होती, घंटा गेली होती. आठवड्याचे सहा दिवस मी सातव्यासाठी काढत होतो. तुम्ही प्रकरण वाचलंत. "पटलं?" म्हणालात. आणि मी कपात बघत म्हणालो, "नाय."

"बरं. पुन्हा लिहिते."

पुढच्या रविवारी म्हणालात, "पुन्हा लिहिलंय, ऐका." ऐकलं. नाय पटलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. नाय. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तुम्हाला खोकला होता. मधेच थांबून पाणी प्यायचात. मला वाटायचं, हवा बदलली आहे. तुम्ही काही सांगितलं नाहीत, मी काही विचारलं नाही. मी नुसता तुमचा आवाज ऐकत बसायचो आणि शेवटी नाय म्हणायचो. ज्यानं जन्मात खोटी खूण केली नाही, त्यानं खोटी ना-खूण केली, एकदा नाही, चारदा.

मग तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि आम्हाला सगळं एकदम कळलं.

मी आलो तेव्हा दुपार होती. सुनंदा स्टुलावर बसली होती, तिनं मला जागा दिली. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याच बोलीत म्हणालात, "काय मामा, अजून नाय का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण तुमची अट आठवली. मला बरं वाटावं म्हणून खूण करायची नाही. त्या खाटेपाशी उभा राहून पटलं म्हणालो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, म्हातारा दया करतोय. आणि खरं सगळं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, की तुमच्या आजारपणात मी तुम्हाला फुकट लिहायला लावलं. तेवढा माझा ताठा मोडला नाही. मी म्हणालो, "तुम्ही घरी या. मग भांडू."

"बरं," तुम्ही म्हणालात. "मग नाहीच पटलं असं धरते." आणि हसलात. चादरीवर तुमचा हात होता, तो उलटा करून तळवा वर केलात, बराच वेळ तसाच ठेवलात. मी वाकून बघत राहिलो.

तुम्ही गेलात. तुमचं शेवटचं बळ मी त्या प्रकरणात खर्चायला लावलं, हे एकच डोक्यात होतं. परवा सुनंदा आली ती तुमची वही घेऊन. म्हणाली, "आत्या सांगून गेली आहे, मामांची खूण झाल्याशिवाय छापायला द्यायची नाही. आता काय करायचं?"

मी म्हणालो, "शेवटच्या प्रकरणाचे पाचही मसुदे काढ. त्यातला कुठला घ्यायचा ते बघू."

"पाच कुठले? दोनच आहेत."

"नीट बघ."

"मामा, दोनच आहेत. पहिला, आणि दुसरा तो वळण्याचा. त्याच्या पुढं वही कोरी आहे."

मी वही हिसकावून घेतली. पानं उलटली, पुठ्ठ्याच्या आतसुद्धा बघितलं. दोनच. घोटीच्या लग्नानंतर तुम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतंत. चार रविवार तुम्ही मला तीच पानं वाचून दाखवलीत. आणि मी, जो स्वतःला पक्क्या कानाचा समजतो, मला ते कळलं नाही! कळणार कसं? मी ऐकतच नव्हतो. मी नाय म्हणायची वेळ कधी येते, त्याची वाट बघत होतो.

तुम्हाला पहिल्याच रविवारी कळलं असणार. कशावरून, तेही मी दोन दिवस बसून शोधलं. मला जेव्हा खरंच पटत नाही तेव्हा मी प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. त्या चार रविवारी मी एकही प्रश्न विचारला नाही. नुसता नाय म्हणालो आणि चहा प्यालो.

आणि शेवटच्या पानाच्या खाली, तुमच्या अक्षराच्या शेजारी, लाल पेन्सिलनं एक गोल आहे. माझा नाही. माझा हात कापतो, माझा गोल वाकडा येतो. हा सावकाश काढलेला, शाळेच्या फळ्यावरच्यासारखा गोल आहे. आत टिंब नाही.

म्हणून बाई, उद्या चारचौघांत सुनंदा हे वाचेल तेव्हा सगळ्यांनी ऐकावं, की मी माझ्या विरुद्ध साक्ष देतोय. शेवटचं प्रकरण मला पटलं होतं. घोटीच्या मंडपात पटलं होतं, आणि मी बाईंना नाय म्हणून सांगितलं. छापताना सुनंदानं त्या दोन टेम्पोंची गोष्ट तळटीपेत घालावी. मेहुण्याचं नाव नको, तो हट्टी आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. तुम्ही माझ्याहून पंधरा वर्षांनी धाकट्या. तुमच्या पुस्तकात लिहिलंय, की दोघी बहिणी परत भेटल्या, घड्याळं शेजारी शेजारी ठेवली, तरच कुणाचं किती झालं ते ठरतं. भेट झाली नाही तर तो प्रश्नच विचारता येत नाही. तेव्हा तुमची वाट किती आणि माझी किती, हे आता ठरायचं नाही. तुम्ही म्हणाला असतात, तुमचा रस्ता आखूड होता. मी इकडून म्हणतो, तुम्ही पुष्कळ जगलात. दोन्ही खरं. पोचलात, यावर आपलं एकमत.

आज सकाळी शाळा भरायच्या वेळेला वही पुढ्यात घेतली. शाळेतली कर्र घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येत नाही, पण मला वेळ सांगावी लागत नाही. पेन्सिलीला टोक केलं. एक हात दुसऱ्या हातानं धरला. तुमच्या गोलाच्या बरोबर मधोमध टिंब दिलं.

पटलं, बाई.

तुमचा,
घंटेवाला मामा